लाल पाण्याचा चहा

झांबियातल्या एका गावचा बंद हापसा सुरू झाला त्या संध्याकाळी मी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. पाण्याची धार, धारेखाली ओंजळ धरलेली चार मुलं आणि मागे आमची नऊ जणांची टीम. खाली लिहिलं होतं, 'प्रभूची स्तुती असो, आज इथे पाणी आलं.' झोपेपर्यंत ग्रुपवर 'आमेन'ची रांग लागली. मीही मनापासून आभार मानून झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला एकटाच हापशावर गेलो. बायका पाणी भरताना बघाव्यात, एवढीच इच्छा होती. तिथे कोणीही नव्हतं. ओटा कोरडा होता. थोड्या वेळाने बायका आल्या, डोक्यावर बादल्या घेऊन, रांगेने. मला पाहून प्रत्येकीने गुडघ्यात किंचित वाकून, तळहात एकमेकांवर हलके वाजवून अभिवादन केलं. आणि हापशाला वळसा घालून सगळ्या उतारावरच्या खड्ड्याकडे निघून गेल्या. तो खड्डा आम्ही आल्या दिवशीच पाहिला होता. गढूळ पाणी, कडेला जनावरांच्या खुरांचे ठसे. त्याचाही फोटो आम्ही काढला होता, 'आधी' आणि 'नंतर' दाखवायला.

त्या सकाळबद्दल लिहायचं गेले कित्येक महिने टाळत होतो.

मी व्यवसायाने फिटर. आयुष्यभर पंपांचं काम केलं, पुढची काही वर्षंही तेच करेन. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या मंडळीतून झांबियाला सोळा दिवसांची मिशन ट्रिप ठरली, तेव्हा पाळकांनी मला मुद्दाम बोलावलं. तिथल्या एका मंडळीने कळवलं होतं की गावचा हापसा बंद आहे. परदेशी जायची माझी ती पहिलीच वेळ. निघायच्या आधी तीन महिने आम्ही दर शनिवारी एकत्र प्रार्थना करत होतो. मुलांसाठी गाणी बसवली, साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव, कशी द्यायची याचा सराव केला. मी दोन पेट्या भरून पान्हे, क्लॅम्प आणि वॉशर घेतले. माझ्या मनात एकच चित्र होतं. आम्ही देणार, ते घेणार, आणि त्यातून देवाचं गौरव होणार.

लुसाकाहून ग्रेट नॉर्थ रोड धरला की कापिरी म्पोशी ओलांडून सेरेंजेकडे जाता येतं. सप्टेंबर म्हणजे तिकडे कोरडा, तापणारा ऋतू. पण पाऊस यायच्या आधीच मिओम्बोच्या रानाला नवी पालवी फुटते आणि ती तांबडी असते. मैलोन्‌मैल रान पेटल्यासारखं दिसत होतं. रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती उभी करून विकायला ठेवलेली, मधूनच घराएवढी वारुळं. आमचं गाव डांबरी रस्ता सोडून बरंच आत, चितांबोच्या बाजूला होतं.

गावात पोचलो आणि हापसा बघून माझं मन भरून आलं. तो इंडिया मार्क टू होता. हा पंप मी डोळे मिटून उघडू शकतो. याचा इतिहास आमच्या धंद्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून सांगतो. विंधनविहिरीवर आधी जे ओतीव लोखंडाचे पंप बसवत ते मुळात एका कुटुंबापुरते बनवलेले. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की ते मोडत. मराठवाड्यात विहिरी खोदणाऱ्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने त्यावर उपाय म्हणून पोलादी पंप घडवला, त्याला जालना पंप म्हणत. तो पुढे सोलापुरात सुधारला गेला, आणि त्यातूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या साथीने इंडिया मार्क टू तयार झाला. तो आज आफ्रिकेतल्या कित्येक देशांत आहे. मला वाटलं, देवाने मला बरोबर माझ्या हापशापाशी आणून सोडलंय. 

आधीच्या कुणा संस्थेने तो बसवून दिला होता आणि मग तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. मी तपासला. दांडा मारला की पाणी चढत नव्हतं. वॉशर गेला असणार हे उघड होतं. मार्क टूमध्ये खालच्या सिलिंडरपर्यंत पोचायचं तर सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. तीन-तीन मीटरचा एकेक पाइप, आत सळई, क्लॅम्प लावायचा, उचलायचा, सोडवायचा. असे अकरा पाइप. गावातली माणसं मदतीला होती. त्यात एक पन्नाशीची बाई होती, सगळे तिला बामायो म्हणत. म्हणजे आई. मोठ्या बाईला तिकडे असंच हाक मारतात. तिचा पान्हा धरलेला हात बघूनच कळत होतं की तिने हे काम आधी केलंय. पाइप वर येत होते तसे त्यांच्यावरचे गंजाचे पापुद्रे माझ्या हाताला लागत होते. मी ते पाहिले. पाहून पुसून टाकले. वॉशर बदलला, पाइप परत सोडले, दांडा मारला, पाणी आलं. सगळ्यांनी गाणं म्हटलं. बामायो गायली नाही, हे मी नंतर फोटोत पाहिलं.

तर दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. मी दुभाषी तरुणाला उठवलं आणि आम्ही बामायोच्या घरी गेलो. मी विचारलं, "हापशाचं पाणी का नेत नाही?"

तिने उत्तर दिलं नाही. मला बसायला बुटकं स्टूल दिलं. मुलीला हापशावर पाठवून तांब्याभर पाणी मागवलं. ते चुलीवर ठेवलं, त्यात चहापत्ती टाकली, आणि पांढऱ्या एनॅमलच्या कपात ओतून माझ्या हातात दिलं. तो चहा काळा होता. गडद म्हणायचा तसा नव्हे, शाईसारखा काळा. मी तो प्यायलो. जिभेवर खिळा ठेवावा तशी चव.

मग ती बोलली. त्या पाण्यात न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट भात, शिजवला की त्याचा रंग जातो. पांढरे कपडे लाल होतात. रविवारी चर्चला घालायचा ब्लाउज त्या पाण्यात कोण धुणार? हापसा बंद पडला म्हणून बायकांनी सोडला नव्हता. बायकांनी सोडला, मग दुरुस्ती कोणी केली नाही.

जमिनीतलं पाणी थोडं आम्लधर्मी असलं की जस्ताचा मुलामा असलेले लोखंडी पाइप ते खातं, पाण्यात लोह उतरतं, आणि चहातल्या टॅनिनशी ते मिळालं की काळं पडतं. हे मला ठाऊक होतं. गंजाचे पापुद्रे माझ्या बोटांना लागले होते. पाइप स्टेनलेस स्टीलचे किंवा पीव्हीसीचे हवे होते, वॉशरने काही होणार नव्हतं.

"काल का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

दुभाष्याने तिचं उत्तर सांगताना खाली पाहिलं. "तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही प्रार्थना करत होता."

त्या वाक्याने मला जेवढं हलवलं तेवढं आजवरच्या कुठल्याही प्रवचनाने हलवलं नाही. ती माझ्या प्रार्थनेला नावं ठेवत नव्हती. ती स्वतः दर गुरुवारी बायकांची प्रार्थना चालवते. प्रार्थनेत असलेल्या माणसाला मध्येच थांबवायचं नसतं, एवढंच ती सांगत होती. पण मला माझी तीन महिन्यांची प्रार्थना ऐकू आली. तिच्यात मी देवाला सगळं सांगत होतो: काय करणार, किती लोकांना पाणी देणार, कसं गौरव होणार. त्या प्रार्थनेत मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

त्या रात्री मच्छरदाणीत टॉर्च लावून योहानाचा चौथा अध्याय वाचला. शोमरोनी बाई आणि याकोबाची विहीर. हा भाग लहानपणापासून कितीदा ऐकलाय, मी स्वतः संडेस्कूलमध्ये शिकवलाय. शिकवताना माझा भर नेहमी जिवंत पाण्यावर असायचा, म्हणजे येशू काय देतो यावर. पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. येशू दमून विहिरीपाशी बसतो आणि त्या बाईजवळ पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहराही नाही. ज्या बाईच्या हातचं पाणी त्याच्या लोकांना चालत नव्हतं, तिच्याकडे तो आधी मागतो, मग बोलतो. लूकच्या दहाव्या अध्यायात तर तो सत्तर जणांना पाठवताना थैली, झोळी, वहाणा घेऊ नका म्हणतो, आणि जे वाढतील ते खा म्हणतो. म्हणजे तो त्यांना पाहुणे करूनच पाठवतो. मी दोन पेट्या आणि बावीस किलोची बॅग घेऊन गेलो होतो. पेट्या नेल्या याचं मला वाईट वाटत नाही. हत्याराशिवाय फिटर कशाला जाईल? पण मी पाहुणा म्हणून गेलो नव्हतो, हे खरं.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवर एक म्हातारे गृहस्थ वारले. काम थांबलं. आम्ही तोवर लुसाकाहून पाइप मागवायची खटपट करत होतो, हापसा पुन्हा उघडायचा होता, ओटा फोडून सांडपाण्याची नाली करायची होती. तीन दिवस कोणीही कामाला हात लावला नाही. सोळातले तीन दिवस. मी आतून धुमसत होतो, ते कबूल करतो. पण जायलाच हवं होतं, म्हणून गेलो.

बायका घरात जमिनीवर, घरच्या बाईला खेटून बसलेल्या. रात्रीही तिथेच झोपायच्या. पुरुष अंगणात शेकोटीभोवती. कोणी मक्याचं पीठ आणलं, कोणी सरपण. बोलणं फारसं नाही. मधेच कोणीतरी गाणं सुरू करे आणि अंधारातून चार सुरांत बाकीचे उचलून धरत. मला कोणी साक्ष द्यायला सांगितली नाही, प्रार्थना करायला सांगितली नाही. फक्त जागा करून दिली. पहिल्या रात्री मी घड्याळ बघत होतो. तिसऱ्या रात्री बघत नव्हतो. कोणासाठी काहीही न करता मी इतका वेळ देवासमोर कधी बसलो नव्हतो.

तिथेच शेकोटीपाशी तिथल्या पाळकांनी मला लिव्हिंग्स्टन जिथे वारला त्या चिपुंडूची गोष्ट सांगितली, आणि परतीच्या आदल्या दिवशी ते आम्हाला तिथे घेऊन गेले. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी पहाटे चितांबो या प्रमुखाच्या गावात वारला. खाटेपाशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत सापडला. त्याच्या माणसांनी त्याचं काळीज म्पुंडूच्या झाडाखाली पुरलं, देह उन्हात सुकवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि साठेक जणांनी तो समुद्रापर्यंत वाहून नेला. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर. वाटेत काही जण मेले. वाटेत भेटलेल्या इंग्रजांनी इथेच पुरून टाका म्हटलं, ते ऐकलं नाही. चुमा आणि सुसी ही त्यांतली दोन नावं. आणखी एक होता जेकब वेनराइट. गुलामीतून सुटलेला हा मुलगा चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शाळेत शिकला होता. झाडाखाली अंत्यविधीची उपासना त्यानेच वाचली, झाडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता.

आता ते झाड नाही, १९०२ साली बांधलेला स्तंभ आहे. आजूबाजूला शांत रान. लिव्हिंग्स्टनवरची पुस्तकं मी वाचली होती आणि त्या सगळ्यांत मी स्वतःला लिव्हिंग्स्टनच्या जागी पाहिलं होतं. जाणारा, शोधणारा, देणारा. त्याला उचलून नेणाऱ्यांच्या जागी कधीच पाहिलं नव्हतं. मी पाळकांना विचारलं, "एवढं का केलं असेल त्यांनी?" त्यांना प्रश्न विचित्र वाटला. म्हणाले, "मेलेल्या माणसाला त्याच्या माणसांपर्यंत पोचवावं लागतं." तीन रात्री शेकोटीपाशी बसलो नसतो तर हे उत्तर मला अपुरं वाटलं असतं.

त्या पाळकांनाच मी माझ्या मनात टोचणारी गोष्ट सांगितली. आमच्या नऊ जणांच्या विमानतिकिटांच्या पैशांत किती स्टेनलेस पाइप आले असते, हा हिशोब मी दोनदा मांडला होता आणि दोन्ही वेळा लाज वाटली होती. ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे पाठवले असते तर पाइप आले असते. आधीच्यांनीही पाठवले होते. त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत."

१९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरायांनी हेच मागितलं होतं. जगभरच्या मिशन संस्थांचे बाराशे प्रतिनिधी, त्यांत आशियातले अगदी थोडे. त्यांच्यासमोर उभं राहून ते म्हणाले, तुम्ही गरिबांना खाऊ घालायला आपली संपत्ती दिलीत, जाळायला आपली शरीरं दिलीत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. हे वाक्य मी आधी वाचलं होतं आणि मला ते गोऱ्यांना सुनावलेलं वाटायचं. आपल्या बाजूचं वाक्य. त्या गावात ते मला उद्देशून होतं. तरीही तिकिटांचा हिशोब पाळकांच्या उत्तराने मिटला असं मी म्हणणार नाही. पुन्हा कोणी जाणार असेल तर मी म्हणेन, नऊ नका जाऊ, दोघे जा, आणि जास्त दिवस राहा.

निघायच्या आदल्या गुरुवारी बामायोने मला बायकांच्या प्रार्थनेला बोलावलं. जेवण होतं. जेवणाआधी ती प्रत्येक पाहुण्याच्या हातावर भांड्यातून पाणी घालत होती. ते पाणी तिने त्या उतारावरून डोक्यावर आणलं होतं. मी हात पुढे केले आणि मला ते मागे घ्यावेसे वाटले. पण धरून ठेवले. मग ती म्हणाली, "तुमच्यासाठी काय प्रार्थना करायची?"

माझ्याजवळ काही तयार नव्हतं. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायला आलो होतो. सगळ्या थांबून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं की मी आणि माझा मोठा भाऊ अकरा वर्षं बोललेलो नाही. आमच्या मंडळीत हे कोणाला माहीत नव्हतं. प्रार्थना गटाच्या मुख्याला असं काही असू नये, अशी माझी समजूत होती. तिने दादाचं नाव विचारलं. मग त्या सगळ्या एकदम, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. तिकडे अशीच करतात. त्या गलबल्यात मला फक्त दोन शब्द कळत होते. लेसा, म्हणजे देव. आणि दादाचं नाव.

पाइप आम्ही असेपर्यंत आले नाहीत. मी जे करायला गेलो होतो ते माझ्या हातून झालं नाही. परतल्यावर रविवारी साक्ष द्यायला उभा राहिलो तर पहिला प्रश्न आला, किती जणांनी प्रभूला स्वीकारलं? मी म्हटलं, तिथे शंभरहून अधिक वर्षांपासून मंडळी आहे. मी तिथे प्रभूची ओळख करून द्यायला गेलो होतो, तो आधीच तिथे होता. काहींना ते आवडलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण मीही आकडे ऐकूनच दान दिलेलं आहे. खुद्द लिव्हिंग्स्टनच्या नावावर एकच बाप्तिस्मा सांगतात, १८४८ साली बाक्वेना लोकांच्या राजा सेचेलेचा. तोही काही महिन्यांत घसरला म्हणून लिव्हिंग्स्टनने हात टेकले. सेचेले मात्र पुढे कित्येक वर्षं स्वतः उपदेश करत राहिला. मी ग्रुपवरचा हापशाचा फोटो काढून टाकला नाही, पण त्याखाली खरं काय झालं ते लिहिलं. लाल पाणी, काळा चहा, सगळं. त्यावर चारच 'आमेन' आले.

माझी प्रार्थना आता लहान झाली आहे. बराच वेळ नुसता बसतो. पूर्वी याला मी आळस म्हटलं असतं. श्रद्धा वाढली का, असं कोणी विचारतं, तेव्हा मला नीट सांगता येत नाही. काही गोष्टींची खात्री पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. देव माझ्याआधी पोचलेला असतो, ही एक खात्री मात्र आता अनुभवाची आहे.

पावसाळ्यानंतर तिथल्या पंप मेंडरने पीव्हीसीचे पाइप बसवले. दुभाषी तरुणाने बामायोचा निरोप पाठवला, सोबत एक फोटो. तोच एनॅमलचा कप, त्यात चहा, चहाच्या रंगाचा. खाली तिचा प्रश्न होता, "पाणी चांगलं आहे. तुमच्या भावाचं काय?"

त्या महिन्यांत दर गुरुवारी तिकडे दादाचं नाव घेतलं जात होतं आणि इकडे मी त्याला फोन केला नव्हता. तिला काय लिहावं ते सुचेना. दोन वेळा लिहून खोडलं. मग दादाचा नंबर काढला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.